कोळशाचा ट्रे

आमच्या हॉटेलातलं प्रत्येक गिऱ्हाईक लेन वोंद्राला ओळखतं असं आमचा मालक साल सांगतो, आणि ते साफ खोटं आहे. गिऱ्हाइकांनी लेनला कधी पाहिलेलंच नाही. छत्तीस वर्षं तो तळघरातल्या गारठ्यात, एकावर एक दोन स्वेटर चढवून मांस कापत होता, आणि वर आमच्या ओमाहा शहरातली बडी मंडळी त्याच्या हातचे स्टेक खाऊन सालची पाठ थोपटून जात होती. मी इथे बावीस वर्षं गिऱ्हाइकांना वाढते आहे, तेव्हा एवढं बोलायचा मला हक्क आहे.

लेन मुळात कमी बोलणारा. रोज सकाळी अकराला मात्र तो सुरी खाली ठेवायचा, हात धुवायचा आणि भिंतीवरच्या फोनपाशी जाऊन उभा राहायचा. त्याची बायको मार्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, ती त्या वेळेला फोन करायची. मार्लिसला जाऊन चार वर्षं झाली. अकरा वाजले की लेन अजूनही सुरी ठेवायचा, हात धुवायचा. मग फोनकडे न बघता खोक्यावर बसून राहायचा. आम्ही त्या वेळेला तळघरात जायचं टाळायचो.

तो निवृत्त होणार म्हटल्यावर सालने ठरवलं की शेवटच्या आठवड्यात लेनला वर, खिडकीजवळच्या टेबलावर बसवून जेवू घालायचं. सोबत कोणाला आणणार हे विचारायला मला खाली पाठवलं. लेन म्हणाला, एकटाच येईन. मी म्हटलं, अरे, मुलीला बोलाव की. मुलगी सिअ‍ॅटलला, तिला सुट्टी मिळत नाही म्हणे. मग त्याने मला जे सांगितलं, ते बावीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. स्टेक आतून लालसर ठेवूनच खायचा असतो असं आमच्याकडे सगळे मानतात. पार भाजून मागणाऱ्याला स्वयंपाकघरात कोणी मान देत नाही. अशी ऑर्डर आली की आमच्यात ओरडतात, "चार नंबरला एक कोळसा." त्यासाठी खाली एक वेगळा ट्रे असतो. जनावराच्या कमरेकडच्या टोकाला मांसातून अर्धचंद्रासारखी जाड शीर जाते. ते चिवट तुकडे त्या ट्रेमध्ये. करपवल्यावर कोणाला काय कळणार, हा हिशेब. सगळीकडे हेच चालतं.

लग्नाला तीस वर्षं झाली तेव्हा लेन मार्लिसला इथे जेवायला घेऊन आला होता. ती शेतावर वाढलेली, लाल मांस तिला बघवत नसे. तिने पार भाजलेला मागितला. ताट समोर आलं आणि लेनने ती शीर ओळखली. तुकडा त्याने स्वतः सकाळी कापून त्या ट्रेमध्ये टाकला होता.

"मी गप्प बसलो," लेन मला म्हणाला. "ताट परत पाठवलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. आपला नवरा रोज हेच करतो, हे तिला कळलं असतं. ती चावत राहिली, पोरी. चावत राहिली आणि म्हणाली, लोण्यासारखा आहे."

पुढे ती चर्चमध्येही सगळ्यांना तेच सांगायची. लेनच्या हातचा स्टेक, अगदी लोण्यासारखा. दुसऱ्या दिवसापासून लेनने त्या ट्रेमध्ये चांगले तुकडे ठेवायला सुरुवात केली आणि शिरेचे तुकडे खिम्यात ढकलले. सालला पत्ता नाही. पण मार्लिस पुन्हा इथे जेवायला आली नाही. दरवर्षी काहीतरी कारण काढायची.

"तिने काय खाल्लं ते मला एकदा खायचंय," लेन म्हणाला. "बाकी काही नको."

गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला तो आला. लग्नातला असावा तसा कोट, मानेवर वस्तऱ्याचा ताजा ओरखडा. सालने टेबल दोघांचं मांडलं होतं. मी समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढचं ताट उचलायला गेले तर म्हणाला, राहू दे. सूप झालं, स्पगेटीची वाटी झाली. मग त्याने स्टेक पार भाजलेला मागितला.

आत आचारी रुबेनने कपाळाला हात लावला. पण केला, आणि मायेने केला: सगळ्यात चांगला, मधला तुकडा घेऊन. लेनने एकदा बघितलं आणि ताट माझ्याकडे सरकवलं. हा ट्रेमधला नाही, म्हणाला.

मी आत जाऊन सांगितलं तेव्हा रुबेन माझ्यावर भडकला. "आज? त्याच्या मेजवानीला त्याला ते चामडं घालू? बाई, तुला काही लाज?"

मी म्हटलं, कर बाबा, त्याचं मागणं आहे. मनात मात्र वाटलं की त्या ट्रेमध्ये वाईट तुकडा सापडायचाच नाही. इतकी वर्षं लेनने तिथे चांगलेच ठेवले होते. पण सोमवारपासून खाली लेनच्या जागी ड्वेन नावाचा नवा कापणारा आला होता. बघते तर ट्रे भरला होता. सगळी शिरेची टोकं, नीट रचलेली. लेनचं एवढ्या वर्षांचं गुपचूप काम चार दिवसांत पुसलं गेलं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि ते त्याला कळू नये असंही वाटलं.

पण त्याला कळल्याशिवाय कसं राहील? ताट ठेवल्याबरोबर त्याने सुरीच्या टोकाने ती शीर हलकेच शोधली.

"ड्वेनने कापलाय," एवढंच म्हणाला.

मग तो खायला लागला. आजूबाजूला टेबलं भरत होती, कोणाचा तरी वाढदिवस होता, हसणं चाललं होतं. लेन रिकाम्या खुर्चीकडे बघत चावत होता. एकेका घासाला किती वेळ. साल येऊन दोन शब्द बोलून गेला, लेनने नुसती मान हलवली. मी तीनदा पाण्याच्या निमित्ताने गेले. त्याने एक कणही टाकला नाही. शीरसुद्धा नाही.

मी ताट उचललं आणि बावीस वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "कसा होता स्टेक?"

लेनने रुमालाने तोंड पुसलं, मग डोळे.

"लोण्यासारखा," तो म्हणाला.