फाट्यावर मास्तर उभा करायचा ठराव

चहा थोडा गार झाला तरी चालेल, पण हे आधी ऐका. माणूस मुलांना शुद्धलेखन शिकवण्यात सगळी नोकरी घालवतो आणि एका शब्दापायी भर ग्रामसभेत तोंडावर आपटतो, असं कधी ऐकलंय? नाही ना? मग बसा.

शेवगाव तालुक्यातली नोकरी संपवून मी राहुरीजवळच्या आमच्या गावी राहायला आलो, त्या वर्षीची गोष्ट. गावात मला सगळे मास्तर म्हणतात. एस.टी. आमच्या गावात येत नाही, फाट्यावर थांबते. फाट्यापासून गावापर्यंत दोन्ही अंगाला ऊस, आणि उसात बिबट्या. कॉलेजच्या मुली संध्याकाळी त्या अंधारात उतरायच्या. बिबट्यानं फाट्याजवळची शेळी नेली आणि घराघरांत एकच बोलणं सुरू झालं, की आता पोरींचं कॉलेज बंद करायचं.

त्यावरच ग्रामसभा होती. मी पोचलो उशिरा. ऐन वेळी सदऱ्याचं बटण तुटलं, दुसरं काय! देवळापुढे ही गर्दी. मी पार मागे, खांबाला टेकून बसलो. कर्णा घरघरत होता. माईकपुढे सरपंच मंदाताई उभ्या होत्या. त्यांची लेक वैशाली त्याच फाट्यावर उतरायची, म्हणून बाईंच्या आवाजात कळकळ होती.

"पोरींचं शिक्षण वाचवायचं तर आपल्याकडं एकच उपाय," ताई म्हणाल्या. "हाय मास्तर. त्यालाच फाट्यावर उभा करायचा."

आता 'आहे'ला आमच्याकडे 'हाय' म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. हाय मास्तर. म्हणजे मास्तर आहे ना आपला! माझ्या अंगावर काटा आला हो. गावात येऊन चार महिने झाले नाहीत, आणि एवढा विश्वास? मी नम्रपणे मान खाली घातली. कोणी बघत नव्हतं, तरी घातली.

पुढून कोणीतरी विचारलं, "पन रातभर टिकंल का?"

"का न्हाई टिकनार? दिवस मावळला की सुरू, उजाडलं की बंद. पाऊस असू दे न्हाईतर वारं."

मी गुडघ्यांवरून हात फिरवला.

"आन बिबट्या आला तर?"

"याच्या उजेडात यायची बिशाद हाय का त्याची? लांबूनच बगून पळंल."

म्हणजे माझ्या ज्ञानाचा उजेड! मी गहिवरलो. आमच्या घरात तो उजेड अजून कोणाला दिसलेला नाही. बायको तर म्हणते, आधी संडासातला बल्ब बदला.

"पडला बिडला तर वो ताई?"

"पडतोय कसला? मानूसभर खड्डा घ्यायचा आन काँक्रीटमधी पक्का गाडायचा."

मी मान वर केली.

"आन बिघडला तर?"

"मुंडकं खाली उतरवून घ्यायचं. दुरुस्त करायचं, परत वर चढवायचं. लई सोपं हाय."

सांगा, तुम्ही असता तर गप्प बसला असता? गावासाठी माणसानं झिजावं, हे मी मुलांना जन्मभर शिकवलं. पण मुंडकं? मी ताडकन उठलो आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणालो, "मला हा ठराव मान्य नाही."

झालं. पहिल्या रांगेतल्या तात्यांना हेच हवं होतं. गावाला आलेल्या निधीतून त्यांना वेशीवर स्वागत कमान बांधायची होती.

"बगा," तात्या म्हणाले, "शिकलेला मानूसबी इरोधात हाय. कमानच बांधा."

बऱ्याच माना हलल्या. बायकांत बसलेल्या वैशालीचा चेहरा एवढासा झाला. मंदाताईंनी माईक खाली घेतला आणि तशाच म्हणाल्या, "मास्तर, तुमीबी? मंग पोरींनी घरात बसायचं का?"

ते 'तुमीबी' माझ्या काळजात घुसलं.

"अहो ताई, मी कुठे नाही म्हणतो?" मी हात जोडले. "मी उभा राहीन. रोज राहीन. बिबट्या येऊ दे नाहीतर वाघ येऊ दे. पण मला काँक्रीटमध्ये गाडू नका. आणि मुंडक्याचं तेवढं वगळा."

मंदाताई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी हातातलं चित्र माझ्याकडे फिरवलं. उंचच्या उंच लोखंडी खांब, त्याच्या डोक्यावर दिव्यांचं कडं आणि खाली ठळक अक्षरात 'हायमास्ट'. गावाच्या तोंडी त्याचा हायमास्तर झाला होता.

पुढचं हसणं मी वर्णन करणार नाही. तात्या तर हसता हसता खोकायला लागले आणि खोकतच म्हणाले, "लावा तुमचा मास्तर. कमान बगू म्होरल्या साली." ठराव एकमतानं मंजूर झाला. मी मागच्या मागे सटकायला लागलो, तेवढ्यात मंदाताईंचा आवाज आला.

"मास्तर, खांब यायला लई येळ लागंल. तवर तुमी उभं राहनार ना? सगळ्यांम्होरं बोललाय तुमी."

काय करता? राहिलो उभा. हातात बॅटरी, काठी आणि मुखात रामनाम. पावसाळा सरला, ऊस डोक्यावर गेला, खांबाचा पत्ता नाही. पण एकाही मुलीचं कॉलेज सुटलं नाही. संध्याकाळी मुली उतरायच्या आणि आम्ही सगळे मिळून गावात यायचो. मुलींना मी सुखरूप घरी पोचवतो, हे मी पारावर, पीठगिरणीत, न्हाव्याकडे, सगळीकडे सांगत होतो.

शेवटी खांब आला. उभा राहिला. अख्खं गाव फाट्यावर जमलं आणि मंदाताईंनी बटण दाबलं.

खरं सांगतो, मी अवाक झालो. जिथे स्वतःचा हात दिसत नव्हता तिथे उसाच्या पानाची कड दिसायला लागली. बांधावरचं गवत, रस्त्यातली खडी, म्हाताऱ्यांच्या तोंडावरच्या सुरकुत्या, सगळं लख्ख. लहान मुलंसुद्धा तोंड उघडं टाकून वर बघत होती. माझे डोळे भरून आले, आणि त्या उजेडात ते सगळ्यांना दिसले.

तेवढ्यात एस.टी. आली. मुली उतरल्या आणि वर बघत राहिल्या. वैशाली माझ्याजवळ आली आणि सगळ्या गावादेखत, अगदी काळजीनं म्हणाली,

"मास्तर, आजपासून तुमचे तुमी जाल ना घरी? का आजबी आमी सोडायचं?"