हाजी बहरामना मी जे वाचून दाखवलं

हे मी आजवर कुणापाशी काढलेलं नाही. बायकोपाशी नाही, आईपाशी तर नाहीच. नमाजेला बसलो आणि मन या गोष्टीजवळ आलं की मी ते हुसकावून लावतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की ओळखत नाही म्हणूनच धीर होतोय? असेल. तसंच असेल.

आधी माझा स्वभाव कळायला हवा. मी जात्याच संशयी. कुणी दोनदा सलाम केला की मला वाटतं, याचं काहीतरी काम असणार. रत्नागिरीला आई म्हणायची, "याच्या ताटात पापलेट वाढलं तर हा आधी विचारील, मांजराने का सोडलं?" आणि असा माणूस नव्वदीच्या मधल्या वर्षांत बहरीनला! तेव्हा तिथे सरकारविरुद्ध दंगे चालले होते; सित्र्याच्या रस्त्यावर टायर जळत असायचे, कंपनीची बस मध्येच दुसरीकडून वळवायची, नाक्यानाक्यावर कार्ड दाखवायचं. आमचे लोक बंद खोलीतसुद्धा कुजबुजत बोलायचे. कोण कुणाचा माणूस, काय भरवसा? एक शब्द इकडचा तिकडे गेला आणि व्हिसा कॅन्सल झाला की खलास. मी सलमाबादला स्पेअर पार्टच्या गोदामात स्टोअरकीपर होतो आणि घरी सहा तोंडं माझ्या ड्राफ्टची वाट बघत होती.

शेजारच्या गाळ्यात हाजी बहराम ट्रकचे पाटे ठोकून द्यायचे. साठी उलटलेली, हात मात्र लोहाराचे. मूळचे इराणच्या डोंगरातले, बख्तियारी टोळीचे. लहानपणी बापाबरोबर गलबतातून इकडे आलेले. हिंदी बोलायचे, पण त्यात बाई-बुवा सगळे एकच. दुपारी ते माझ्यासाठी चहा पाठवायचे. पहिल्यांदा चहा आला तेव्हा मी तो प्यालो नाही, ओतून दिला. सांगायलाही लाज वाटते, पण आता लाजून काय करणार?

एक दिवस त्यांनी विचारलं, गाव कुठलं. मी म्हटलं, रत्नागिरी. त्यांनी हातोडा खाली ठेवला. म्हणाले, दुसऱ्या महायुद्धात आमच्याकडच्या इंग्रज वकिलाचा, म्हणजे सरकारच्या प्रतिनिधीचा, मुन्शी रत्नागिरीचा होता. गोरापान, तोंडावर देवीचे व्रण. त्याच्या घरातलं कुणी माहीत आहे?

तो मुन्शी म्हणजे माझे नाना — आईचे वडील. खानसाहेब! आमच्या घराच्या दारावर अजून ती पाटी आहे. युद्धात सरकारची सेवा केली म्हणून किताब मिळाला, एवढंच आम्हा पोरांना ठाऊक. मी हाजींना तिथल्या अरबीत म्हटलं, मफी — नाही, माहीत नाही. आणि मनात चक्र सुरू झालं — हा माणूस पन्नास वर्षांनी मुन्शी का शोधतोय? याला कुणी पाठवलं? या डोंगरी लोकांत म्हणे नातवाच्या नातवापर्यंत वैर चालतं.

पण आमच्या कोकणी मंडळींत कुठली गोष्ट लपते? शुक्रवारी मशिदीबाहेर एकाने मला "काय खानसाहेब!" म्हणून हाक मारली. मी त्या मुन्शीचा नातू, हे हाजींच्या कानी गेलंच. ते रागावले नाहीत. नुसतं माझ्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं.

त्या युद्धात एक जर्मन हाजींच्या बापाच्या तंबूत आश्रयाला आला होता. बख्तियारींत रीत अशी, की एकदा पाहुण्याने तुमचं मीठ खाल्लं की त्याचा जीव तुमच्या जिवाआधी. इंग्रज वकिलाला तो जर्मन हवा होता. टोळीत दोन घरं, थोरलं हाजींच्या बापाचं, धाकटं चुलत्याचं, आणि दोघांत खुन्नस. वकील दोन्हीकडे माणसं पाठवायचा, धान्य, साखर, सुभेदारीचं आमिष दाखवायचा. एका सकाळी फौज आली ती शोधाशोध न करता थेट त्याच तंबूपाशी. झालं! बोभाटा झाला की बापानेच पाहुणा विकला. चुलत्याने कुराणावर हात ठेवून सांगितलं, वकिलाच्या पत्रात मी स्वतः वाचलंय. त्यानंतर त्यांच्या तंबूत कुणी पाण्याला शिवेना. डोंगर सुटला. बाप इकडे बहरीनमध्ये, मुहर्रकला मेला, शेवटच्या श्वासापर्यंत "मी नाही, मी नाही" म्हणत.

हाजी म्हणाले, "बेटा, मला बदला नको. मला एवढंच कळायला पाहिजे, माझा बाप खरा होता का. मी पण त्याच्यावर अर्धाच विश्वास ठेवला."

तरी मला वाटलं, बदला नको असं आधीच का सांगतोय हा?

त्या वर्षी सुट्टीवर गेलो तेव्हा नानांची पेटी उघडली. एक जाड वही मिळाली, आणि आत मराठी! नाना उर्दू-फारसीचे मुन्शी, पण साहेबाला दोन्ही भाषा येत होत्या. साहेबाने वाचू नये ते नाना मराठीत लिहून ठेवायचे. मी माळ्यावर बसून वाचलं. शब्दन् शब्द पाठ आहे मला:

"थोरला बधत नाही. साखरेच्या गोणी परत पाठविल्या. मी साहेबास सुचविले की धाकट्यास लिहावे, थोरल्याने ठिकाण आधीच सांगितले आहे, तुम्ही मागे राहू नका. साहेब हसला. मसुदा मीच केला. आठव्या दिवशी धाकट्याकडून ठिकाण आले. सुभेदारी मात्र साहेब कोणासच देणार नाही."

समजलं ना? बाप खरा होता. साखर परत पाठवली त्याने, युद्धाच्या टंचाईत! पाहुणा विकला तो चुलत्याने, आणि त्याला विकायला लावणारं खोटं माझ्या नानांच्या डोक्यातून निघालं. त्याच खोट्यावर आमच्या दारावरची पाटी.

मी वही बरोबर घेतली. सांगायचं ठरवूनच घेतली — निदान मला तसं आठवतं. हेही मी मागाहून स्वतःची समजूत घालण्यासाठी रचलं असेल का? अल्ला जाणे.

बहरीनला परतून मी वही आणल्याचं सांगितलं, तसं हाजींनी अरादला घरी जेवायला बोलावलं. शुक्रवारची दुपार होती. जेवण झालं, त्यांची मुलगी मरियम, शाळेत शिकवायची, तीही येऊन बसली. हाजींनी वहीला दोन्ही हात लावले आणि माझ्यापुढे ठेवली. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, मरियमलाही नाही. त्या घरात ते पान वाचून दाखवणारा मी एकटाच, माझ्यावाचून त्यांचं अडलेलं. कळतंय तुम्हाला, किती सोपं होतं?

मी पान उघडलं. तोंड उघडणार, इतक्यात मरियम म्हणाली, "बाबा, मला तर त्या मुन्शीचाच संशय येतो. इंग्रजांचं मीठ खाणारा माणूस. यांनी पानं फाडून तर आणली नसतील?"

खाई त्याला खवखवे. मी चिडलो, असा चिडलो की कानशिलं तापली. ही कोण माझ्या नानांना बोलणारी? आणि त्याच क्षणी भीतीही — हिला आधीच ठाऊक आहे, हे माझी परीक्षा घेताहेत, आता मी खरं वाचलं की हाजींचा तो लोहाराचा हात... गप्प बसता आलं असतं हो मला! यात काही नाही, नुसता भत्त्याचा हिशेब आहे, म्हटलं असतं तरी चाललं असतं. खोटंच बोलायचं तर तेवढं छोटं बोललो असतो. पण मला तिला घाव घालायचा होता. मी बोट ओळीवर ठेवलं, अगदी "साखरेच्या गोणी परत पाठविल्या" या ओळीवर, आणि ते सरकवत सरकवत हिंदीत वाचलं: "थोरल्याने साखर घेतली. ठिकाण त्यानेच कळवले."

मरियम उठून आत गेली. हाजींनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "शुक्रिया, बेटा. तुझ्या आजोबाने खरं लिहून ठेवलं, अल्ला त्याला जन्नत देवो." आणि मला फाटकापर्यंत पोचवायला आले.

माझा संशय तिथे तरी संपावा! नाही. मी गाडीत बसून विचार करत होतो, हा इतका शांत कसा?

पुढच्याच महिन्यात हाजी इराणला गेले. चुलता अजून जिवंत होता, नव्वदीला टेकलेला, आंधळा. हाजींनी चार माणसांसमोर बापाच्या वतीने त्याची माफी मागितली, त्याच्या हाताचं चुंबन घेतलं. म्हातारा ओक्साबोक्शी रडला म्हणे. हाजींना वाटलं, मायेने रडला. तो का रडला असेल ते मला ठाऊक होतं. हाजी हे मला गाळ्यात चहा पिताना सांगत होते आणि मी मान डोलावत होतो.

दोन वर्षांनी हाजी वारले. मी अरादला गेलो तेव्हा मरियम दारात उभी होती. तिनेच सांगितलं — मुहर्रकच्या कबरस्तानात बापाशेजारची जागा हाजींनी कितीतरी वर्षं धरून ठेवली होती. मरायच्या आठवडाभर आधी म्हणाले, मला तिथे ठेवू नका, त्या माणसाच्या बाजूला मला झोप लागायची नाही.

मरियम माझ्याकडे बघत होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं, आणि मय्यत अजून घरात होती. मी म्हटलं, "इंशाल्ला, जन्नत मिळेल त्यांना."

मग आम्ही त्यांना नेलं. बापाच्या कबरीवरून पुढे, पार दुसऱ्या टोकाच्या भिंतीपाशी. मीही खांदा दिला.