कुरजांच्या गावाला कॅम्परने: मुक्काम आधी बुक करावा की नाही?

कॅम्पर व्हॅन घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न पडतो तो मुक्कामाचा. जागा आधीच बुक करायच्या, की संध्याकाळ होईल तिथे गाडी लावायची? आमच्या जयपूरच्या मुरलीपुऱ्यातल्या घरात या प्रश्नावर तीन आठवडे धुमसत होतं. मी बिनबुकिंगवाली. माझे यजमान विजयराव मात्र रेल्वेच्या आरक्षण कार्यालयात सारी नोकरी केलेले. आम्ही मूळचे भुसावळचे, शेवटची बदली जयपूरला झाली आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना कन्फर्म आणि वेटिंग यांतला फरक समजावला, त्याला 'बघू तिथे गेल्यावर' हे वाक्य कसं पचणार?

खरं कारण मात्र वेगळं होतं आणि ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की झोपेत यांचा श्वास मधेमधे थांबतो. तेव्हापासून रात्री नाकावर मास्क आणि उशाशी मशीन. आणि तेव्हापासून हा माणूस एकही रात्र घराबाहेर झोपलेला नाही. नाशिकला भाच्याचं लग्न होतं, तर गुडघ्याचं निमित्त सांगून मला एकटीला पाठवलं. 'त्या अवतारात मला कोणी बघायला नको,' एवढंच एकदा म्हणाले होते. म्हणजे यांना बुकिंग हवं होतं ते प्लगसाठी, आणि कुणाला काही सांगावं लागू नये म्हणून.

मी ठरवलं होतं की यांना बाहेर काढायचंच. ही सहल फसली असती तर पुढे हे कधीच उंबरठा ओलांडणार नव्हते. म्हणून मी बिनबुकिंगचा हट्ट सोडला आणि त्यांना चारही मुक्काम बुक करू दिले: सांभर, नागौर, फलोदीच्या अलीकडचा एक कॅम्प आणि परतताना पुष्कर. जयपुरातच सोडाल्याला राहणारी आमची मुलगी केतकी म्हणाली, "आई, मतलब, तुम्ही फिरायला चाललाय की परीक्षेला?" फलोदीजवळच्या खीचन गावी हिवाळ्यात हजारो कुरजां म्हणजे क्रौंच पक्षी उतरतात, ते बघायचे हा माझा हट्ट तेवढा कायम होता.

व्हॅन छोटीच घेतली, माझ्या साध्या लायसन्सवर चालणारी. दिवसाचं भाडं साडेसात हजार, डिझेल आपलं. आत दोघांपुरता पलंग, गॅसची शेगडी, चिमुकला फ्रिज. व्हॅनच्या बॅटरीवर दिवे-पंखा चालतो, पण मशीन रात्रभर चालेल याची खात्री मालकाने दिली नाही. मशीनवाल्यांनी हे आधीच विचारून घ्यावं. गाडी मी चालवणार आणि रस्ता विजयराव सांगणार, अशी वाटणी झाली.

पहिला दिवस सोपा होता. काळवाड रोडने जोबनेर आणि पुढे सांभर, जेमतेम ऐंशी किलोमीटर. रस्ता चांगला आहे, फक्त उंटगाड्या आणि चाऱ्याने फुगलेले ट्रक अख्खा रस्ता अडवतात. फुलेरा जंक्शनचा फाटा आला तशी यांची कळी खुलली. कुठली गाडी कुठे वळते हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं. सांभरच्या मिठागरांवर संध्याकाळी सगळं पांढरं आणि गुलाबी होतं. कॅम्पवर आमची जागा तयार होती, प्लगही होता. विजयरावांनी बुकिंगचा छापील कागद दाखवला आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मी झुणका ढवळत राहिले.

दुसऱ्या दिवशी कुचामनमार्गे नागौर. वाटेत मिरची वडा खाल्ला, तिखटाच्या बाबतीत खानदेशी जिभेलाही मान झुकवावी लागली. नागौरच्या बाजारातून वाळवलेली मेथी जरूर घ्या, अख्खी व्हॅन दोन दिवस घमघमत होती. मुक्काम याही दिवशी कागदाप्रमाणे मिळाला.

तिसऱ्या दिवशी मात्र घात झाला. दुपारी चारला फलोदीच्या अलीकडच्या कॅम्पवर पोहोचलो, तर फाटकापाशी दोन मोठ्या बस आणि आत लग्नाचं वऱ्हाड. विजयरावांनी कागद पुढे केला. मॅनेजरने तो नीट वाचलासुद्धा आणि परत दिला.

"साहब, सुबह आपका फोन नहीं आया. हमने सोचा आप नहीं आ रहे."

यांना कळेचना. पैसे भरले, नाव लिहिलं, मग फोन कशाला? पण तिकडची रीतच तशी आहे. आधी केलेलं बुकिंग म्हणजे नुसता विचार. त्या दिवशी सकाळी 'निघालोय' असा फोन गेला की ते पक्कं. हे तिथल्या कुठल्याही ड्रायव्हरला ठाऊक असतं. सांभर-नागौरला गर्दी नव्हती म्हणून फोनविना निभावलं. आम्ही मात्र कागदावर विसंबून सकाळी निवांत चहा पीत बसलो होतो. मॅनेजरने पैसे परत केले, बाहेर गाडी लावायला जागाही देऊ केली, पण वीज नाही.

विजयराव व्हॅनमध्ये येऊन बसले आणि म्हणाले, "चल, नागौरला परत. नाहीतर सरळ घरी. मी सांगत होतो, हे आपल्याला जमायचं नाही."

हे शेवटचं वाक्य माझ्या वर्मी लागलं. मी व्हॅन सुरू केली आणि खीचनच्या दिशेने वळवली. ते रागावून खिडकीबाहेर बघत राहिले. मला आतून धाकधूक होती, कारण मशीनशिवाय रात्र काढायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तासाभरात प्लग मिळाला नाही तर फलोदीत लॉज घ्यायचं, हे मी मनाशी पक्कं केलं. पण परत फिरायचं नाही.

खीचनच्या वाटेवर एक ढाबा लागला. बाजूला मोकळं अंगण, मागे मालकाचं घर. मी गाडी थांबवली आणि चावी काढली.

"जा, विचार ना त्यांना," विजयराव म्हणाले.

"मी नाही विचारणार. मशीन तुमचं आहे, तुम्ही विचारा."

मी चावी मुठीत धरून बसून राहिले.  शेवटी ते दार उघडून उतरले, शर्ट नीट केला आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकापाशी गेले. टेबलांवर चार-पाच ट्रकवाले बसलेले. मी काच खाली करून ऐकत होते.

"भैया, मुझे सोते समय साँस की मशीन लगानी पड़ती है. एक बिजली का पॉइंट मिलेगा?"

मालकाने वरही न बघता विचारलं, "टू पिन या थ्री पिन?"

बस, एवढंच. कोणी मान वळवली नाही. ट्रकवाले बाजरीची रोटी मोडत राहिले. मालकाच्या घराच्या खिडकीतून वायर व्हॅनपर्यंत आली. विजेचे वेगळे पैसे घ्यायला तो तयार नव्हता, मग आम्ही तिथेच केर-सांगरीची, म्हणजे वाळवंटी फळं-शेंगांची, भाजी आणि रोटी पोटभर जेवलो. विजयराव गल्ल्यापासून व्हॅनकडे परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. दोन वर्षं ज्या वाक्याला ते घाबरत होते, ते बोलून झालं होतं आणि उत्तरात फक्त पिना मोजल्या गेल्या होत्या. मला हसू येत होतं आणि रडूही.

सकाळी उजाडताच खीचनच्या चुग्गाघरापाशी गेलो. गावकरी पक्ष्यांना दाणे टाकतात ती ही कुंपणाची जागा. शेजारच्या घरांच्या गच्चीवरून बघता येतं, पण आधी परवानगी घ्या. आधी लांबून नुसता आवाज आला, मग राखाडी रांगांमागून रांगा उतरू लागल्या. विजयराव ताजेतवाने होते. त्यांनी पक्षी मोजायचा प्रयत्न केला आणि तिसऱ्या थव्याला नाद सोडला. आम्ही दहा वाजेपर्यंत तिथून हललो नाही.

पुष्करच्या कॅम्पवाल्याला त्यांनी गच्चीवरूनच फोन केला आणि 'निघतोय' म्हणून कळवलं. चौथी रात्र तिथे, आणि पाचव्या दिवशी दुपारी जयपूर.

तर मूळ प्रश्न. वीज लागणार असेल तर बुकिंग करा आणि त्या दिवशी सकाळी फोन करा. लग्नसराईत तर दोनदा करा. पण एखादा मुक्काम चुकला तर घाबरून परत फिरू नका. काय हवंय ते स्पष्ट सांगा, गरज सांगायला लाज कसली? हे मी आज ठासून लिहू शकते, कारण परवा घरी एक गोष्ट घडली.

यांच्या भुसावळच्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला होता. सगळे निवृत्त लोक दोन दिवस जमणार, एका हॉलमध्ये ओळीने गाद्या घालून झोपणार. असल्या निमंत्रणाला गेली दोन वर्षं आमचं उत्तर ठरलेलं असायचं. मी स्वयंपाकघरात होते.

"येतो ना," विजयराव म्हणाले. "मला भिंतीकडची गादी ठेव, प्लगजवळची. रात्री मशीन लावतो मी. मास्क बघून घाबरू नका म्हणावं सगळ्यांना."

मला दाराशी जाऊन ऐकावं लागलं नाही. चांगले मोठ्याने बोलत होते.