आंबिलीच्या बिंदग्यावरचं दुसरं पान

चहा निवला तर निवू द्या, पण हे ऐकाच. माझ्या सातवी पास शहाणपणापायी सोपानतात्यांचा माळ जन्मभर ओसाड राहिला असता!

सोपानतात्या आमचे शेजारी, भिंतीला भिंत. त्यांच्याकडं फोडणी कशाची पडली हे मला त्यांच्या सुनेच्या आधी कळतं. मी चौकशीखोर नाही हो, नाक तेवढं चांगलं आहे! राणीसावरगावच्या वाटेवर त्यांचा मुरमाड माळ आहे. पेरलं तर उगवत नाही, अन् विकायला तात्यांचं मन होत नाही. लहानपणी ते तिथं मेंढरं राखायचे आणि मेंढरांच्या बाजूनं काळवीट चरायचे.

मीही पाहिलेत. नवी नवरी होऊन बैलगाडीतून आले, तेव्हा पिवळ्या गवतातून अख्खा कळप उड्या मारत गाडीपुढून गेला. पदर सावरायचा सोडून मी गाडीतच उभी! सासूबाई ओरडल्या, "बस की गं खाली, पडशील!" पुढं गवत गेलं, हरणं गेली, सासूबाईही गेल्या.

तर एका संस्थेच्या मॅडम आल्या. माळावर जुनं गवत परत लावू, पाणवठा करू, हरणं येतील. जमीन तुमचीच राहील, म्हणाल्या. तात्यांनी खुशीत त्यांना दोनदा चहा पाजला. पाणवठ्याच्या नमुन्याला एक खड्डाही खणून झाला. पण सहीचे कागद आले आणि तात्या बिचकले. गल्लीतले सगळे कागद मीच वाचते, म्हणून आले माझ्याकडं.

"सुमनबाई, बघा बरं. उद्या हरणानं कुणाचा हरभरा खाल्ला, न्हाईतर कुणी त्या खड्ड्यात पडलं, तर माझ्या गळ्याला फास लागायचा न्हाई ना?"

मी चष्मा लावला. पहिल्याच पानावर यादी. शेजारच्या पिकाचं नुकसान. खड्ड्यात पडून इजा. सर्पदंश. जनावराची धडक. मी तिथंच चष्मा काढला.

"तात्या, हे सगळं तुमच्या माथी मारायलेत! सही करू नका!"

"सगळं?"

"सगळं! साप चावला तरी तुमीच!"

तात्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "मग ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "मरायच्या आधी एकडाव बघायचं होतं, एवढंच." आणि कागद माझ्याकडंच सोडून गेले.

आता असली बातमी पोटात ठेवायला मी काय तिजोरी आहे? दळणाला गेले तिथं बोलले, किराणा घ्यायला गेले तिथं बोलले. दिवस मावळायच्या आत अर्धं गाव तात्यांच्या ओसरीवर! दगडूभाऊ म्हणे, "माझ्या हरभऱ्यात खूर दिसायलेत." दुसरा म्हणे, माझी म्हैस त्या माळाकडं बघूनच बुजती. अहो, हरीण अजून एक आलेलं नाही आणि भरपाईवाले दारात!

म्हटलं, हरणं खरंच आलीत का, खूर बघून यावं. दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणाला न विचारता, माळावर गेले. मातीत खूर शोधत, खाली बघत चालले होते. खाली बघत होते तरी तो एवढा मोठा खड्डा मला कसा दिसला नाही, हे मला आजही सांगता येत नाही. गेले की आत! पाय मुरगळला.

तात्या धावत आले. "घ्या! सही न करताच लागलं माझ्या मागं!" मला घरी पोचवलं, मग बकरीचं दूध आलं, हळदीचा लेप आला. "सुमनबाई, तक्रार तेवढी करू नका."

"बघू," मी कण्हत म्हणाले.

आमचे हे आत आल्यावर म्हणाले, "लाज हाय का तुला?"

होती हो. पण दूधही ताजं होतं.

दुसऱ्या दिवशी येळवस. आमच्याकडं या अवसेला सगळा स्वयंपाक शेतात नेऊन पूजा करायची आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवू घालायचं. मला गाडीत घालून तात्यांच्या शेतात नेलं. गाव होतं, मॅडमही होत्या. मी केलेल्या आंबिलीचं बिंदगं, म्हणजे मातीची छोटी घागर, मधोमध.

मॅडम म्हणाल्या, "तात्या, नको तर नको. कारण तरी सांगा."

तात्यांनी माझ्याकडं बोट केलं. मी ऐटीत पिशवीतून पान काढलं. "ही एवढी यादी गरिबाच्या माथी मारता का?"

"काकू, दुसरं पान कुठंय?"

"दुसरं?"

तेवढ्यात तात्यांच्या सुनेनं बिंदग्याच्या तोंडाचा दोरा सोडला. आदल्या दिवशी आंबील झाकायला काही सापडेना, म्हणून उशाला होता तो कागद मी बांधला होता. आता आंबिलीच्या गोल डागातून संस्थेचा शिक्का माझ्याकडं बघायला लागला.

मॅडमनी पान माझ्याच हातात दिलं. "वाचा. मोठ्यानं."

'मागील पानावरील कोणत्याही नुकसानीस वा इजेस जमीनमालकास जबाबदार धरले जाणार नाही. ती जबाबदारी संस्थेची राहील.'

"परत वाचा," तात्या म्हणाले. वाचलं. "आणिक एकडाव."

मी पान घडी घालायला लागले. "अजून एक ओळ आहे, काकू," मॅडम म्हणाल्या.

'विनापरवानगी आत शिरणाऱ्याची जबाबदारी त्याची स्वतःची राहील.'

सगळं गाव माझ्या पायाकडं बघायला लागलं.

"येळवसला कुणी विचारून येतं का शेतात?" मी म्हटलं.

"येळवस आज हाय, वैनी," दगडूभाऊ म्हणाला. "तुमी काल पडलाव."

तात्यांनी डागाच्या शेजारी सही केली. सही करताना हसत होते.

आज गवत गुडघ्याच्या वर आलंय. परवा तात्यांनी बोलावलं. कुंपणाशी मला अडवलं. "विचारा आधी."

"येऊ का तात्या?"

"या."

त्याच खड्ड्याचा पाणवठा झालाय. एक काळवीट आलं, मान खाली घालून पाणी प्यायलं. मी कधी उठून उभी राहिले कळलंच नाही.

"बसा की खाली," तात्या हळूच म्हणाले, "पडाल!"

सासूबाईंचाच आवाज वाटला, डोळे भरून आले. मग मॅडमनी माळाचा नकाशा दाखवला. अहो, माहेरच्या सातबाऱ्यावर नाही, सासरच्या सातबाऱ्यावर नाही, पण तिथं माझं नाव लागलंय! पाणवठ्याच्या जागी ठळक अक्षरात: 'सुमनबाईचा खड्डा'.