सासूबाईंसाठी गाळलेली सहा पानं

एका ऐतिहासिक कादंबरीतल्या राजपुत्राचं लग्न मी एका शिलेदाराशी लावून दिलं, तेही सासूबाईंच्या देखत.

सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धायरीला आमच्याकडे आल्या होत्या. डॉक्टरांनी वाचायला मनाई केली, आणि त्यांनी बरोबर आणलेली कादंबरी तशीच पडून राहिली. "वाचून दाखवाल का?" त्यांनी मला विचारलं. चोवीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. काम चोख करायचंच, असं मी ठरवलं.

गोष्ट मजेशीर होती. मानाजी नावाचा तरणा शिलेदार, त्याच्यावर खूश असलेला राजपुत्र, तलवारी, थट्टामस्करी. सातव्या प्रकरणात मानाजी नदीवर अंघोळीला उतरला. तिथे माझी नजर (नेहमीप्रमाणे) चार ओळी पुढे गेली. पागोटं सुटून कमरेपर्यंत केस मोकळे! मानाजी मुलगी होती. भित्र्या भावाच्या जागी फौजेत आली होती. झुडपाआड राजपुत्र. त्याखाली 'ओलेती', 'थरथर' आणि 'उष्ण श्वास' एवढं मला दिसलं. मी सहा पानं एकदम उलटली.

"प्रकरण संपलं," मी म्हणालो.

"फारच लहान होतं हो."

चूक इथे झाली. मानाजी मुलगी आहे हे राजपुत्राला कळलं, मला कळलं, सासूबाईंना नाही. सांगावं, तर गाळलेली पानंही सांगावी लागणार. म्हणून पुढे लेखकाने 'ती' लिहिलं की मी 'तो' वाचू लागलो. मुलीचा पुरुष करायला लेखकाला एक पागोटं पुरलं. मला ओळीओळीला राबावं लागत होतं.

राजपुत्र मानाजीसाठी झुरू लागला. सासूबाईंनी जपमाळ बाजूला ठेवली. मग राजपुत्र लुगडं नेसून, कासारीण बनून मानाजीच्या घरी गेला आणि त्याच्या हातात बांगड्या भरू लागला. "शिलेदाराला बांगड्या?" त्यांनी विचारलं. मी 'थट्टेने' असा एक शब्द पदरचा घातला.

खालच्या मजल्यावरच्या साठेकाकू तब्येत विचारायला आल्या, तर सासूबाईंनी त्यांना गोष्टच ऐकवली. काकूंनी मला नखशिखान्त न्याहाळलं. पुस्तक कोणी निवडलं, एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवसापासून त्या खुर्ची घेऊन हजर!

शेवटच्या दिवशी माझी बायको नीलाही कचेरीतून लवकर येऊन माझ्या मागे उभी राहिली. मी अंतरपाट दूर केला. राजपुत्राने मानाजीला हार घातला. सासूबाई डोळे पुसायला गेल्या, मी त्यांचा हात धरला (टाके नव्हते, पण धोका कशाला).

"अहो, इथे 'नवरी' लिहिलंय," मागून नीला म्हणाली.

मग सगळंच सांगावं लागलं. नीलाने पुस्तक ओढून घेतलं आणि ती सहा पानं सर्वांसमोर खड्या आवाजात वाचली. राजपुत्राने पाठ फिरवून शेला फेकला होता. थरथर गार पाण्याने होती. उष्ण श्वास घोड्याचा होता.

साठेकाकू छताकडे बघत होत्या.

"म्हणजे शेवटी मुलगीच निघाली," सासूबाई हिरमुसून म्हणाल्या. "मी त्या दोघांसाठी गणपतीला नवस बोलले होते."

मी माफी मागितली.

"असू दे, श्रीकांतराव. तुमचीच गोष्ट बरी होती," त्या म्हणाल्या. "पण घोडा मी ऐकून घेतला असता."