भीमसेनअण्णाही तिथेच आहेत

बेंगळुरूजवळच्या आनेकलच्या बस स्टँडवर भीमसेनला पाहताच सौम्या जागच्या जागी थबकली.

"अण्णा, तुम्ही कधी आलात? आणि हे कुठायत?"

भीमसेन कुठे गेलाच नव्हता. मराठा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यापासून तो बेंगळुरूच्या पीण्या भागातल्या एका कारखान्यात सुरक्षारक्षकांवर देखरेख करत होता. आनेकलला मेहुणीकडच्या बारशाला आला होता, एवढंच. सौम्याचा नवरा गुरुप्रसाद त्याच्याच पलटणीतला. उन्हाळ्यात तो परदेशात कुठल्याशा गोदामाच्या राखणीला गेल्याचं भीमसेनच्या कानावर आलं होतं.

सौम्या हळूहळू बोलू लागली. नवऱ्याला पाठवायला ती तयार नव्हती. मग त्यांचे जुने सुभेदार, सूर्यकांतसाहेब, घरी आले आणि म्हणाले, भीमसेनअण्णाही तिथेच आहेत. त्या एका वाक्यावर तिने होकार दिला. तिने फोनवरचा फोटो दाखवला. गुरुप्रसादच्या दंडाला पांढरी पट्टी गुंडाळलेली होती. भीमसेनने ती लगेच ओळखली. लढाईत आपल्याच माणसाने आपल्यावर गोळी झाडू नये म्हणून बांधतात तसली पट्टी होती ती. गोदामात तिचं काय काम?

दुसऱ्या दिवशी तो रजा टाकून हेब्बाळला, साहेबांच्या माणसं परदेशी पाठवायच्या ऑफिसात गेला. मलाही जायचंय, असं त्याने सांगितलं. साहेब खूश झाले, चहा मागवला. नजर शाबूत आहे ना, मॉर्टर तोफ अजून हाताळता येईल ना, विचारू लागले.

"गोदामाला मॉर्टर कशाला, साहेब?"

सूर्यकांतांनी उठून दार लोटलं. परतले तेव्हा आवाज खाली आला होता. आयुष्यभर शिकलो ती एकच विद्या, ती तिकडे विकली तर बिघडलं काय, म्हणाले. ट्रकसाठी फाटक उघडत बसण्यासाठी तू जन्मलास का? हे भीमसेनला लागलं, कारण रात्रपाळीत त्याच्याही मनात तेच येत असे.

"तू जाऊच नकोस," साहेब म्हणाले. "तिकडे आहेस का, असं विचारलं कुणी तर नुसतं हो म्हण. तुझ्या नावावर पोरं तयार होतात."

भीमसेन चहा न पिता उठला. पलटणीतल्या मित्रांच्या ग्रुपवर त्याने स्वतःच्या आवाजात निरोप टाकला: मी बेंगळुरातच आहे, कुठेही गेलेलो नाही, कुणी जाऊ नका. निघण्याच्या तयारीतले काहीजण थांबले. काहींनी मात्र विचारलं, साहेबांशी कमिशनच्या वाटणीवरून बिनसलं वाटतं? पोलीस ठाण्यात सौम्यासोबत तक्रार द्यायला गेला, तर अधिकाऱ्याने आधी त्याचाच फोन काढून घेतला. जो तो तुझंच नाव घेतो, म्हणाला, मग तुला काहीच कसं ठाऊक नाही? घरी बायको विमलानेही, पाठ फिरवून भांडी लावता लावता, एकदा तेच विचारलं. तेवढ्यात हेब्बाळच्या ऑफिसला कुलूप लागलं आणि साहेबांचा फोन बंद झाला.

सौम्या दूतावासाला अर्ज करत राहिली. हिवाळा सरता सरता गुरुप्रसाद परतला, डावा पाय ओढत. भीमसेन भेटायला गेला, तेव्हा तो खिडकीशी बसून होता.

"जिथे न्यायचे तिथे तुमचीच चौकशी करायचो," गुरुप्रसाद म्हणाला. "पुढच्या ठाण्यावर आहे म्हणायचे. मी पुढे पुढे जात राहिलो."

"मला यातलं काही माहीत नव्हतं रे."

गुरुप्रसादने त्याच्याकडे टक लावून पाहिलं, जणू चेहऱ्यात काही लपलंय का ते शोधत होता.

"सरी," एवढंच तो कानडीत म्हणाला, ठीक आहे.

सौम्याने कॉफी आणली. भीमसेनने ती संपवली, पेला खाली ठेवला. निरोप घेताना हात पुढे केला, तो गुरुप्रसादने धरला. पण पकडीत जीव नव्हता, आणि नजर अजून त्याच्या चेहऱ्यावरून हलली नव्हती.