डाव्या हातावरचं पोट

डेन्मार्कच्या बोर्नहोम बेटावर सिग्नेच्या सासरी मासे धुरी देऊन टिकवण्याची भट्टी आणि दुकान होतं. गल्ल्यापाशी सिग्नेचा डावा हात दिसला की गिऱ्हाईक पैसे द्यायचं विसरायचं. बोटं सडपातळ, मनगट नेटकं आणि मधे पंजाची पाठ तेवढी टम्म फुगलेली.

"भट्टीवरचे मासे चोरून खातेस, ते हातावर दिसतंय," थोरली जाऊ बोडिल चारचौघांत म्हणायची. दुकान दोघींच्या नवऱ्यांचं, पण हुकूम बोडिलचाच चाले.

खरं तर तो हात भट्टीत होरपळला होता, तोही बोडिलच्याच पायी. भट्टीचं दार सताड उघडं टाकून बाई गप्पा हाणायला गेली, वारा शिरला, जाळ उसळला आणि दार ओढायला सिग्ने धावली. डॉक्टरांनी तिच्या पोटाची कातडी चरबीसकट काढून हातावर बसवली. इकडे बोडिलने गावभर करून ठेवलं की सिग्ने पहिल्यापासून वेंधळीच. हे सिग्नेला भाजण्यापेक्षा जास्त झोंबलं. बोडिलने एकदा स्वतःच्या तोंडाने खरं सांगावं, एवढंच तिला हवं होतं.

दोन बाळंतपणं झाली, सिग्नेचं पोट सुटलं आणि पाठोपाठ हातही. तिने डॉक्टरांना दाखवला.

"चरबीच्या पेशी कुठेही नेल्या तरी आपल्या मूळ जागेच्याच राहतात," ते म्हणाले. "बायकांच्या मांडीवरच्या हटवादी, सहजी हलत नाहीत. पोटावरच्या पटकन वाढतात, पटकन ओसरतात. तुमच्या हातावर पोट बसलंय, ते पोटासारखंच वागणार. वजन उतरवा, नाहीतर मी थोडी काढून टाकतो."

"नको, राहू दे," सिग्ने म्हणाली.

त्या दिवसापासून ती काळ्या पावावर लोणी थापून खाऊ लागली आणि मासे देताना मुद्दाम डावाच हात पुढे करू लागली. कुणी विचारलं, "हे काय झालं हो?" की बोडिलकडे मान वळवायची. "जाऊबाई, तुम्ही सांगता की मी सांगू?"

बोडिलला लगेच मागच्या खोलीत काम निघायचं. पुढे पुढे ती स्वतःच सिग्नेच्या डब्यात काकडी आणि कोबी भरू लागली. सिग्नेने तो कोबी तिच्याच कोंबड्यांना घातला.

एका शनिवारी दुकान भरलेलं असताना चर्चच्या पाद्रीबाईंनी हात पाहून तोच प्रश्न केला. सिग्नेने मान वळवायच्या आत बोडिल कडाडली, "मी टाकलं होतं दार उघडं. मी. झालं तुझं समाधान?"

सिग्नेचे डोळे भरून आले, पण तिने मासे कागदात बांधून दिले. बोडिल माफीचा शब्द न काढता मागच्या खोलीत निघून गेली.

दुपारी सिग्नेने पावाला लोणी लावलं, नेहमीइतकंच जाड.